उतारा

सातबाऱ्यावर अजून आहे:
गिधाडटेक, गट नंबर एकशे बारा, पोटखराब.
मागच्या साली पाटोद्याला तलाठ्याने
ते नाव संगणकात चढवलं तेव्हा
टेकावर एक बाभूळ होती, मोबाइलचा टॉवर होता,
आणि कुत्री.

अण्णांच्या सायकलला मागे पत्र्याची पेटी.
लोक त्यांना ढोराचा डॉक्टर म्हणत.
खरं तर ते व्रणोपचारक,
पण हा शब्द गावात कुणालाच धड म्हणता येत नसे.

मग ते औषध आलं.
तीस मिलीची बाटली, स्वस्त.
सकाळी लंगडणारा बैल
दिवेलागणीला कडब्याला तोंड लावायचा.
कास सुजलेली म्हैस वासरू जवळ येऊ द्यायची.
अण्णा म्हणायचे, मुक्या जिवानं
किती दिवस सोसायचं?
बाया त्यांच्या चहात दूध जास्त घालू लागल्या.

वाचायची ती ढोरं वाचत.
नाही वाचली ती टेकावर जात.
लिंबाजी कातडं सोलून बाजूला बसायचा,
बिडी शिलगावायचा.
बिडी संपायच्या आत
कुठेच काही नसलेल्या आभाळातून
ताडपत्री फडफडल्यासारखा आवाज.
तासाभराने बरगड्या, धुऊन ठेवल्यागत.
गावाला कधी वास आला नाही.
आला नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही
की का येत नाही.

शाळेत डोडो शिकवला.
लांबचं बेट, जहाजं, डुकरं, काठ्या घेतलेली माणसं.
सर म्हणाले, येडं पाखरू, पळालं नाही.
आम्ही हसलो.
खिडकीतून टेक दिसायचं,
त्यावर ती, पंख उघडे टाकून,
वाळत घातलेल्या घोंगड्यांसारखी.

पहिल्यांदा सांगितलं ते लिंबाजीनेच.
"साहेब, पाखरं माना टाकायलीत.
बसल्या जागी डुलक्या खातेत
आन् खाली पडतेत."
अण्णा म्हणाले, ऊन असंल. रोग असंल.
लिंबाजीने एक चिरून दाखवलं.
काळजावर चुना शिंपडावा तसं पांढरं.
अण्णांनी वहीत तारीख लिहिली.
पुढची ओळ कोरी आहे.
मी ती वही पाहिली आहे.

कुणी गोळी घातली नाही.
कुणी झाड तोडलं नाही, घरटं मोडलं नाही.
एका माणसाला दुसऱ्याच्या बैलाची दया आली,
एवढंच.

बंदीचं परिपत्रक आलं तोवर
वास गावात आला होता.
वनखात्याचा एक पोरगा दुर्बीण घेऊन
दोन दिवस राहिला,
आमच्याकडे पिठलं खाल्लं,
रकान्यात शून्य मांडून गेला.
आता कुणी कुणाचा प्लॉट बळकावला
की लोक म्हणतात, गिधाड आहे मेला.
तेवढ्यापुरतं येतं गावात.

या उन्हाळ्यात अण्णांचा गुडघा धरला.
बीडच्या दवाखान्यात नर्सने सुई भरली.
त्यांनी बाटली मागून घेतली, चष्मा पुसला,
नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
"हे चालतं का?"
"चालतं की काका, माणसाला चालतं."
त्यांनी दंड पुढे केला.

रात्रीपर्यंत उतार पडला.
बाजेवर पाय लांब करून,
बऱ्याच वेळाने, मला म्हणाले,
"मपल्याला जाळूनच टाका बरं.
उगं कुन्या जिवाच्या पोटात जायला नको."