सुषिर वाद्य, पेपर दुसरा

मस्टरवर माझ्या नावापुढं लिहिलंय :
विषय, सुषिर वाद्य. तास दोन.
मानधन तासिका तत्त्वावर, मार्च गेला की मिळेल.

सुषिर म्हणजे पोकळ, असं मॅडमनी सांगितलं.
तीस वर्षं वाजवत होतो, नाव आता कळलं.
बाप म्हणायचा, पोट रिकामं असलं की सूर मोकळा निघतो.
खोटं बोलायचा. पंगत उठेपर्यंत आम्हाला
मांडवामागे थांबवायचे, म्हणून बोलायचा.

दारव्ह्याच्या या कॉलेजात संगीत विभाग म्हणजे
एक हार्मोनियम, तबल्याची जोडी,
भोपळ्याला भेग गेलेला तंबोरा,
आणि माझ्याच घरून आणलेला ट्रम्पेट.
भोंग्यावर कोरलंय न्यू गुलशन ब्रास बँड, दिग्रस.
त्यातलं गुलशन चिंचेनं घासून घासून गेलं.

पोरं तीन, ट्रम्पेट एक.
माउथपीस मात्र तिघांना तीन, माझ्या पैशानं आणले.
नाहीतर एकाचं उष्टं दुसऱ्याच्या ओठाला,
असं म्हणालो आणि माझ्याच वाक्याला अडखळलो.
मग पुढं शिकवलं.

पहिला महिना नुसते ओठ.
बाटलीत माशी अडकावी तसे थरथरवायचे.
शेख अफरोजला घाई, त्याला पहिल्याच दिवशी
वरातीतलं गाणं पाहिजे.
निकेशचे गाल फुगतात.
गालातून नाही रे, बेंबीखालून आण,
विहिरीतून बादली ओढतात तसा श्वास,
हिसका दिला की अर्धं पाणी तिथंच.

मार्चात पितळ तापतं, सूर वर चढतो.
पुसात खाली येतो. हार्मोनियम जागचं हलत नाही.
मॅडम म्हणतात, तुमचं वाद्य बेसूर.
मी म्हणतो, मॅडम, त्याला हवामान कळतं, एवढंच.

आचल उईके फारसं बोलत नाही.
घरी वाजवलं की गल्ली विचारते, कोनाचं लगन?
म्हणून ट्रम्पेट ती जागलीला नेते,
तुरीच्या वावरात, बापाच्या मचाणावर.
रात्री दोनला एकच सा लावते,
मनात सोळापर्यंत मोजत.
बाप म्हणतो, डबा बडवणं सुटलं माझं.

एका सोमवारी आली, ओठ थंडीनं फुटलेले.
"सर, डुकरं पयाली. पन एक रोही थांबला.
धुऱ्यावर उभा राह्यला, कान इकडं करून.
मी सूर तोडला तं मान वर केली त्यानं."
मग जरा वेळानं,
"तवर तूर नाही खाल्ली, सर. मंग खाल्ली."

मी फळ्याकडे वळलो.
फळ्यावर लिहायचं काहीच नव्हतं.
किती वराती. घोडा बिथरला, फटाके वाजले,
कोणी भोंग्यातच दहाची नोट खोचली,
मी नोटेमागून वाजवत राहिलो.
थांबलं कोण?
एकदा लाडखेडला ओट्यावर एक म्हातारी
सगळं आटपेपर्यंत ऐकत बसली होती.
मागाहून कळलं, तिला ऐकू येत नाही.

परीक्षेला अमरावतीहून बाहेरचे सर आले.
आचलनं सा लावला. तो संपता संपेना.
सरांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे.
सूर थांबल्यावरही ती
खिडकीबाहेर बघत उभी, मान थोडी कलती.
"पुढे?" त्यांनी विचारलं.
तिला ते ऐकू गेलं नसावं.

साठपैकी एकतीस.
खाली माझी सही लागते, बाजूला शेऱ्याचा रकाना.
तो कोराच सोडायचा असतो, क्लार्क म्हणाला.
मी लिहिलं : आवाज धुऱ्यापर्यंत जातो.

मग कळ दाबून ट्रम्पेटातलं पाणी काढलं,
तिघांच्या श्वासांचं, फरशीवर पडलं.
रुमालानं पुसून घेतलं.
पुढच्या तासाला गायनाच्या पोरी
तिथंच सतरंजी टाकतात.