पिवडी

कार्मिने सकाळी सातला कुलूप उघडतो,
एकतीस वर्षं तीच किल्ली,
आणि दर वेळी म्हणतो, "लाल खोली,"
जणू घरातल्या थोरल्याशी माझी ओळख करून देतोय.
पर्यटकांना सांगतो, "माझं नावच किरमिजी,
मला दुसरीकडे नेमणार कुठे?"

मी तिपाई मांडते.
यंत्राचं नाक भिंतीपासून एक सेंटिमीटर.
शिवायचं नाही.
एका ठिपक्याला दोन मिनिटं, तोवर श्वासही बेतानं,
यंत्राला त्याची गरज नसते; माझी सवय.

लोखंड.
लोखंड.
कॅल्शियम, म्हणजे चुना; तो असणारच.
लोखंड.
मग दाराच्या उजव्या हाताला,
पाहुण्याची नजर पहिली पडते तिथे,
एकदम पारा!
हिंगूळ. स्पेनच्या खाणीतला, तोळ्यातोळ्यानं विकला जाणारा,
मालकानं स्वतः आणून दिलेला असणार.
इथे तो भरघोस.
पण पलंग असायचा त्या कोपऱ्यात मात्र शिसं:
खाली शेंदूर, वरून हिंगुळाचा नुसता हात फिरवलेला.
उरलेला कुठे गेला, मला ठाऊक आहे.
कुंचला धुवायच्या वाडग्यात.
घडोघडी धुतला की तळाशी साचतं
ते रंगाऱ्याचं.

मला हसू आलं. कार्मिने दारातून, "काय सापडलं, एर्सिलिया?"
"चोर," मी म्हटलं, "आणि तोही रंगेहाथ.
भिंतीला लावता लावता मालकालाही चुना लावून गेलाय."
तो खूश. म्हणाला, आमच्याच गावचा असणार.

अडचण दुपारी आली.
मधला मोठा पट्टा, ज्याच्यासाठी लोक जपानहून येतात,
त्याचं लोखंड नीट बोलेना.
लेझर लावला. आलेखाची शिखरं पसरट, विसकटलेली,
अस्सल गेरूची असतात तशी टोकदार नाहीत.
मग आठवलं: उत्खननाच्या जुन्या फोटोत
छताचा एक तुकडा भिंतीला टेकून पडलेला, खाली, डावीकडे.
त्यानं झाकलेली तळहाताएवढी जागा.
गुडघ्यांवर बसले. दिवा धरला.

पिवडी.

साधी पिवडी, कुठल्याही दरडीत मिळणारी माती.
सगळा पट्टाच तिचा होता.
समुद्राकडून ऊन आत यायचं तेव्हा
इथे बसलेल्यांचे चेहरे
पिकल्या जर्दाळूसारखे दिसत असतील.
मग डोंगर उतरला, तीनशे अंश, चारशे,
मातीत मुरलेलं पाणी उडालं
आणि पिवडीचा गेरू झाला.
ह्याला रंगाचा बेरंग तरी कसं म्हणावं?

कार्मिनेला कसं सांगायचं?
पोर्टिचीत त्यानं स्वयंपाकघर ह्याच लाल रंगात रंगवलंय,
दुकानदाराला पोस्टकार्ड दाखवून,
तीनदा डबा परत करून.
सांगितलं. आलेख दाखवले.
त्यानं आलेख पाहिलेच नाहीत.
"म्हणजे हे भाजलंय?"
"हो."
"एकतीस वर्षं मी लोकांना दाखवतोय ते भाजलेलं आहे?"
"हो."

संध्याकाळी खिडक्यांवर काळं कापड लावलं.
मिस्री निळा तपासायचा राहिला होता. त्याची तऱ्हा निराळी:
लाल उजेड पाजला की तो दुसराच उजेड परत करतो,
आपल्या डोळ्यांना न दिसणारा. कॅमेऱ्याला दिसतो.
कोपऱ्यात एक मुलगी आहे, ताट धरून उभी,
मेजवानीच्या चित्रात कुणी तिच्याकडे बघत नाही.
तिच्या गळ्याशी मला आजवर मळकट करडं दिसत होतं.
पडद्यावर तिथे ठिणग्या.
हनुवटीच्या सावलीत, डोळ्यांच्या पांढऱ्यात,
ताट धरलेल्या बोटांच्या मधे.
निळा, सावलीत कालवलेला,
कुणाला कधी कळणार नाही असा, आणि महाग.
त्याच हातानं? पैसे कुणी दिले?
हिशेबात बसत नाही.
ठिपका एकशे सत्तावीस मी पुन्हा मोजला.
कार्मिने माझ्या खांद्यावरून बघत होता. काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सातला
त्यानं किल्ली फिरवली. म्हणाला, "खोली..."
आणि तिथेच थांबला.
मग दार ढकललं,
उंबऱ्यावर पाय पुसले,
आत गेला.