शुद्धिपत्र

आमच्या गृहपत्रिकेचा अंक दर दहा तारखेला निघतो,
म्हणजे परिपत्रकात तसं आहे.
निघतो तो पंचविसाच्या आसपास,
आणि त्यात शुभेच्छा असतात
होऊन गेलेल्या वाढदिवसांना.

कल्याण कक्षाच्या खिडकीशी मी मजकूर तपासतो.
टेबल सकाळी पुसलं तरी
अकराच्या चहापर्यंत राखेत बोटानं नाव लिहिता येतं.
परळीतली पोरं चिमणी म्हटलं
की झाडाकडे नाही, वर बघतात, धुराकडे.

'संच बंद पडला' हे छापता येत नाही.
'देखभालीसाठी थांबवण्यात आला' हे येतं.
बंधाऱ्यात पाणी नसलं की त्याला
जलनियोजन म्हणायचं.
आणि निवृत्तांसाठी एक वाक्य आहे,
आधीच्या संपादकानं किल्ल्यांबरोबर सोपवलेलं:
'प्रदीर्घ व निष्कलंक सेवेनंतर'.
फक्त नाव बदलायचं.
एकदा तेही राहिलं
आणि शेख गफूर सलग दुसऱ्या महिन्यात निवृत्त झाले.
भला माणूस. परत पेढे घेऊन आला.

बॉयलरवरचे उत्तरेश्वर चाटे कविता पाठवतात
जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर.
कविता मी साभार परत करतो.
पण त्याआधी कागद उलटून
दुसरी बाजू वाचतो:
रात्री दोन, दाब ठीक.
तीन, दाब ठीक.
चार, दाब ठीक.
त्यांना हे कधी सांगितलेलं नाही.

तर, सुरक्षा सप्ताहाचा फोटो.
डावीकडून सात साहेब, पदांसकट.
छापखान्यातून दिलावरचा फोन:
रकान्यात बसत नाही, अर्धा इंच कापू का उजवीकडून?
काप म्हणालो.

अंक वाटून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी
दारात एकजण, चपला बाहेर काढून.
''सायब, दोन अंक जास्तीचे भेटतेल का?
माझा फोटू आलाय.''
कुठे?
त्यानं पान सहा उघडलं, कडेला बोट ठेवलं.
हारांच्या तबकाखाली
एक कोपर.
''लेकीनं वळखलं. म्हनली, बाबाचा हात हाय,
वाफंनं भाजलेला.''

तो डाग मला शाईचा वाटला होता.
प्रूफवर मीच लाल गोल केला होता: काढा.
दिलावर विसरला.
इतक्या वर्षांत त्याच्या किती चुकांवर मी ओरडलोय,
आणि ही एक.

अंक शिल्लक नव्हते. पुढच्या महिन्यात या म्हणालो.
नाव विचारलं. मुंजाजी दहिफळे.
कोळसा विभाग, ठेकेदारामार्फत, अकरा वर्षं.
ठेकेदारामार्फत असलेला माणूस
'कर्मचारी' या शब्दात बसत नाही,
व्याख्या पान दोनवरच दिलेली आहे,
तळाला, बारीक टाइपात.

साहेब पहिल्या पानावर स्वतःचा संदेश वाचतात,
मग थेट शेवटच्या पानावर सही.
सही करताना त्यांचा डावा तळवा
नेमका शुद्धिपत्रावर पडतो.
हे मला नऊ वर्षं माहीत आहे.
त्याचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

'मागील अंकातील पान सहावरच्या छायाचित्रात
उजवीकडून पहिले: श्री. मुंजाजी दहिफळे.
संपूर्ण छायाचित्र जागेअभावी देता आले नाही.
दिलगीर आहोत.'

तो आला तेव्हा दोन अंक बाजूला काढून ठेवले होते.
उभ्यानंच वाचलं त्यानं, एकेक अक्षर सोडवत.
मग 'श्री.'वर बोट ठेवून विचारलं,
''हे कशाचं?''
म्हणालो, ते सगळ्यांनाच लावतो आम्ही.
''सगळ्यांनाच?''
हो.

अंक त्यानं शर्टाच्या आत सरकवले, वरचं बटन लावलं.
बाहेर राख पडत होती.