सत्त्याऐंशीने भागून

टेबलावर दोन इंजिनं, एकाच नंबरची.
एक खोक्यातून निघालं तसंच,
दुसरं मी उघडलेलं.

मी जेकार्डचे ग्राफ काढणारा माणूस.
साखर पेठेत तीस वर्षं चौकटी भरल्या,
एक चौकट म्हणजे एक धागा.
मोराचा डोळा सात चौकटींचा,
आठवी भरली की घुबड.
तेव्हा प्रमाण मला कुणी शिकवू नये.

कंपनीने दिलेला हिरवा पोपटाचा होता.
खरा कोणता ते बघायला
डाय हाऊसचं शेडकार्ड घेऊन
फलाटाच्या टोकाला गेलो,
उभ्या मालगाडीसमोर सुताच्या लडी धरत बसलो.
पोलिसाने विचारलं, काय चाललंय?
म्हटलं, रंग जुळवतोय.
"चादरीसाठी?"
हो म्हटलं.
सोलापुरात हे उत्तर चालतं.

चारशे सतरा नंबरची लड जुळली.

मग जाडजूड दांडे कापले,
फणीच्या तारा सरळ करून तिथं बसवल्या.
छतावरचे पांढरे इन्सुलेटर तपकिरी केले, चिमट्यात धरून,
श्वास रोखून, शेजारचा माग बंद पडेपर्यंत थांबून.
रुळांमधलं अंतर तेवढं सुधारता आलं नाही.
आपली ब्रॉडगेज भागली तर एकोणीस मिलिमीटर नि वर थोडं,
हे साडेसोळावर चालतं.
राजेश्वरी म्हणाली, एवढी तफावत तर संसारातही असते,
आणि चहाचा कप नेमका त्या रुळांवर ठेवला.

इरण्णा हत्तुरे आला, वाडीपर्यंत मालगाडी नेणारा.
दोन्ही इंजिनांसमोर उकिडवा बसला.
"काय करायलास बे हे?"
सांगितलं.
त्याने डोळा बारीक केला.
"तुझा हिरवा चैतातला. धुऊन आलं की येगळं दिसतंय.
आणि ह्या बेचाळीसच्या डाव्या बफरला पोचा हाय,
होटगीच्या पुढं म्हैस..."
पुढचं बोलला नाही.
"काचेला आतनं सिद्धेश्वराचा फोटो. मीच चिकटवलोय."

लिहून घेतलं: पोचा, डावा. फोटो, आतून.
चैत्र लिहिलं, खोडलं, तारीख विचारली.
कुठल्या दिवसाचं इंजिन करायचं
हे आधी ठरवायला हवं होतं.
खोक्यातलं कुठल्याच दिवसाचं नव्हतं.

मग इरण्णा उठून उभा राहिला
आणि वरून बघून गप्प झाला.
"वर असं असतंय व्हय?"

डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट घेऊन रोज जाणारा माणूस,
त्याने छत कधी बघितलंच नव्हतं.
तिथं चढायचं नसतं.
आणि मी, पादचारी पुलावरून चौसष्ट फोटो काढलेला,
छताखाली काय असतं
ते मला कुठं ठाऊक.

त्याने बोट पुढं केलं, पेंटोग्राफकडे.
वरची तार माझी, काळ्या दोऱ्याची,
तिच्यात काहीच नव्हतं.
तरी बोट हवेत थांबलं,
तसंच राहिलं.

नियमात दोन मीटर.
मी ड्रॉवरमधून पट्टी काढून हळूच लावली.
तेवीस मिलिमीटर भरले,
केसभर जास्तच.