प्रतीक्षा कालावधी

मार्च संपला की मसाला मार्केटमधून
गोणपाटाच्या पिशवीत बिलं येतात.
गालाशेठची पिशवी उघडली की आधी शिंका,
मग आकडे.
आई आतून विचारते, सर्दी झाली का गं?
मी म्हणते, ब्याडगी.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, तळमजला.
जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग
हे माझं ऑफिस.
उरलेल्या अर्ध्यावर कोथिंबीर निवडली जाते.
अकरा दुकानांचा जीएसटी इथून भरला जातो
आणि एकाही दुकानाच्या पगारपत्रकावर
हेमांगी शेलार नाही.

याच मार्केटात बाबांनी हीच गोणी पाठीवरून वाहिली.
त्यांच्या पाठीला बोर्ड होता, दवाखाना होता,
कार्ड होतं पिवळं पडलेलं, आईच्या नावासकट.
ते गेले, मग कार्डही गेलं.
मी तीच गोणी कागदावर वाहते.
माझ्या पाठीला प्लॅस्टिकची खुर्ची आहे.

जानेवारीत आईचं पित्ताशय काढलं.
एक लाख बेचाळीस हजार,
त्यात हातमोजे नऊशे साठ.
सवयीने बिल तपासलं, दोनदा.
बेरीज बरोबर निघाली.
त्याचंच वाईट वाटलं.

म्हणून घोणे आले, लॅपटॉप घेऊन.
नोकरी? नाही.
मालक कोण? मीच.
ऑफिसचा पत्ता?
तुम्ही बसलायत ते.
ते खुर्चीत जरा सावरून बसले
आणि टाइप केलं: गृहिणी.
ताई, यादीत दुसरं बसत नाही काही.
मी म्हटलं, यादी खाली ओढा.
खाणकामगार होते, अवजड वाहनचालक होते,
गोताखोरसुद्धा होते.
मी नव्हते.
सगळ्यात तळाशी 'इतर' सापडलं, तिथे मला ठेवलं.

माझे चौदा हजार तीनशे. आईचे एकावन्न.
कर माफ झालाय आता, घोणे म्हणाले,
जणू त्यांनीच केलाय.
कोणत्या तारखेपासून, ते मी सांगितलं त्यांना.
मनात हिशेब चाललेला:
आईचा हप्ता म्हणजे बेकरीवाला आणि सायकलवाला
यांच्याकडून वर्षभर येणारे सगळे पैसे,
आणि दोघांचेही थकलेले.
आईने चष्मा पुसत एवढंच विचारलं,
एकावन्न भरून, पुन्हा पाचातला एक रुपया
माझाच?
हो, म्हणाले घोणे, साठीनंतर तसंच असतं.
मग नको, ती म्हणाली, हे तर मीच माझा विमा काढल्यासारखं झालं,
आणि भाजी निवडायला घेतली.

माझा रिपोर्ट बघून घोण्यांचा आवाज खाली आला.
सहा पॉइंट सहा. काठावरच आहे.
नाही लिहिलं तरी चालतं, ताई.
हा आवाज माझ्या ओळखीचा.
हे बिल राहू दे ना बेन, असं शेठ म्हणतात तोच.
आणि मी दरवर्षी त्यांना सांगते,
शेठ, कागद आज गप्प असतो,
नंतर नको त्या वेळी बोलतो.
लिहा, म्हटलं.
लिहिलं. हप्ता अठराशेने वाढला.
शुगरसाठी तीन वर्षं प्रतीक्षा.
म्हणजे तोवर आजारी पडायचं,
पण दुसऱ्या कशाने तरी.

पॉलिसी आली, अडतीस पानांची.
रात्री पेन्सिल घेऊन वाचली.
तेविसाव्या पानावर युद्ध वगळलंय, अणुस्फोट वगळलाय,
आणि दात.
आईच्या नावाने पोस्टात दरमहा दोन हजारांचं खातं काढलं.
पुरणार नाही, मला बेरीज येते.
तरी.

मग एकेका दुकानाला फोन.
शेठ, एप्रिलपासून महिना दीडशे वाढवतेय.
का बेन?
शुगर.
तिकडे थोडा वेळ फक्त हमालांचे आवाज,
गोणी उतरल्याचा धप्प.
मग शेठ म्हणाले, मलापण आहे.
अकरा वर्षं.
आणि लगेच,
शंभर करा.