दीड वाजता पाणी हलतं

यालमार शिकायला उप्सालाला गेला
आणि जाताना माशांची जुनी टाकी माझ्या दारात ठेवून गेला.
आत मासे नव्हते.
हिरवीगार, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब,
शेपटी निराळी मोजायची.
"वॉटर ड्रॅगन आहे, बेरित. फार काही मागत नाही,"
म्हणाला, आणि बस पकडली.

मागत नव्हती, खरंच.
नुसतं काचेवर नाक घासत होती
एकाच जागी, दिवसभर.
नाकाचा शेंडा सोलून निघालेला.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, कबूल;
पण कुंपण दिसायला तर हवं.

म्हणून नव्या घराच्या काचेला
खालून वीतभर तपकिरी कागद लावला.
इथे जग संपतं, बाई. इथून मागे फीर.
दोन दिवस तिनं कागद चाटला, मग पाठ फिरवली.
इतकं सरळ
मला कधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

नवं घर म्हणजे आइलाचं कपड्यांचं कपाट.
तिचं राहतं घर मार्चमध्ये पाडलं.
खाणीनं किरुना खालून पोखरली, तेव्हा आता
गाव उचलून पूर्वेला नेतायत,
घरामागून घर, चर्चसुद्धा.
कपाट उंच आहे. हिला लांबीपेक्षा उंचीच हवी,
फांदीवरून पाण्यात उडी टाकणारी जात.
आतून वॉर्निशचे चार हात दिले,
वास जायला आठवडा गेला.
बर्चच्या फांद्या ओव्हनमध्ये भाजल्या, किडे मरावेत म्हणून;
घरभर सौनाचा वास, आणि आइला म्हणाली,
"टॉवेल आणू का?"

खाली सिमेंट कालवायचं मोठं घमेलं,
ती पूर्ण बुडेल इतकं.
त्यातच पिते, त्यातच पोहते, त्यातच घाण करते.
रोज सकाळी उपसायचं, घासायचं, पुन्हा भरायचं.
तक्रार नाही. आपल्या नदीशी
माणसं तरी निराळं काय वागतात?

डिसेंबर. सूर्य उगवायचं बंद.
कपाटात मात्र सात वाजता दिवस लागतो, टायमरवर,
बारा तास, चुकत नाही.
वरच्या फांदीशी बत्तीस अंश, खाली पंचवीस,
खिडकीबाहेर उणे एकतीस.
तिच्या टाळूवर एक फिकट ठिपका आहे.
तो म्हणे तिसरा डोळा.
त्याला आकार दिसत नाहीत,
उजेड आहे की नाही, एवढंच कळतं.
या महिन्यात आमच्या गावात
प्रत्येकाला तेवढाच डोळा उरतो.
आइला विणकाम घेऊन येते.
आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसतो
तिच्याच जुन्या कपाटातल्या उन्हासमोर.

रात्री दीडला खाली सुरुंग उडवतात.
आम्ही कूससुद्धा बदलत नाही, तीस वर्षांची सवय.
पहिल्या रात्री मी पाहिलं:
भ्यायली की ती पाण्यात शिरते,
आणि इथे पाणीच भ्यालेलं,
घमेलंभर काटा आलेला.
ती बुडाली, वर आली, परत बुडाली,
कुठे जावं कळेना तिला.
दुसऱ्या दिवशी खाणीतून
वाहत्या पट्ट्याचं जुनं रबर मागून आणलं,
तीन घड्या करून घमेल्याखाली घातलं.
अजून हलतं पाणी, पण थोडं.
आता ती फांदीवरून फक्त एक डोळा उघडते
आणि मिटते.

आमच्या इमारतीची नोटीस कधीची फ्रिजवर आहे.
कपाटात कुठेही गोंद वापरला नाही मी.
अठ्ठावीस स्क्रू, चार बिजागऱ्या,
आणि सगळ्यात आधी, फांद्या-दिवे मनात येण्याआधी,
नव्या घराच्या दाराची रुंदी मोजून आलेली.
दोन बोटं जास्त आहे.

काल यालमारचा फोन आला. कशी आहे?
म्हटलं, नाकावर नवी कातडी धरलीय,
थोडी फिकी हिरवी.
कधी येतोस, ते विचारलं नाही.
नवा पत्ता मात्र दोनदा सांगितला,
आणि त्यानं तो लिहून घेतला की नाही, कळलं नाही.