मधोमध हललं पाहिजे

बंगला विकला गेला तेव्हा
खोरशेदबाईंच्या भाच्याने सामान वाटून टाकलं.
माळ्याला शिडी मिळाली, धोबिणीला आरसा,
आणि आबांना हे निळ्या काठाचं तामचिनी भांडं,
एका कोपऱ्यात टवका उडालेलं.
एकतीस वर्षं त्यांनी यात कस्टर्ड लावलं.
घरी आणलं आणि त्यात कांदे ठेवले.

आज मी कांदे टोपलीत ओतले.

गोडवलीत दूध सातला येतं,
शिर्केवहिनींच्या म्हशीचं, अजून कोमट.
दोन लिटर ठेवलं, एक होईपर्यंत आटवलं.
"नुसतं ढवळू नको, खरवड,"
आबा पडवीतूनच म्हणाले,
"कडेची साय परत आत गेली पाहिजे."
पडवीतून त्यांना कढईची कड कशी दिसली
ते त्यांनाच ठाऊक.

अंडी सहा. फोडताना मी त्यांच्याकडे पाठ केली.
काय तरी सवय!
ज्या माणसाने आयुष्यात दहा हजार फोडली असतील
त्याच्यापासून मी सहा लपवते.

खाल्लं मात्र एकही नाही.
आक्का नऊ वर्षांची होती, ताप उतरेना,
डॉक्टरांनी साताऱ्याला न्या म्हटलं,
आणि आबांनी रात्रीच भैरोबापुढे
अंडं-मटण सोडलं.
आक्का उठली. आबा बांधले गेले.
तिसऱ्या दिवशी बंगल्यावर पुन्हा कस्टर्ड,
चोवीस पाहुणे.

"मग गोड किती झालंय ते कळायचं कसं?"
"बाईंचं तोंड बघायचो."
"आणि शिजलंय ते?"
त्यांनी पंजा आडवा धरला, जरासा हलवला.
"कडेला घट्ट. मधोमध असं हललं पाहिजे.
एस.टी. सुरू झाली की
खिडकीतल्या म्हातारीचे गाल हलतात ना, तेवढं.
त्याहून जास्त हललं तर कच्चं.
नाही हललं तर
बाई काही बोलायच्या नाहीत,
पण दुसऱ्या दिवशी हिशेबाची वही मागायच्या."

वेलची साखरेबरोबर कुटली.
बाटलीतल्या वासाचं नाव काढलं नाही मी.
जायफळ सहाणेवर: "चार वळसे.
पाचवा घेतलास की पाहुणे गादीला लागतात."
वर चारोळी. ट्रेमध्ये कढत पाणी.
भिशीच्या पैशातला ओव्हन चाळीस मिनिटांवर लावला.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाइट गेली.

दाराला हात घातला, तोच
"उघडू नको!"
हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.
हा तिकडचा होता, बंगल्यातल्या भटारखान्याचा,
हाताखालची पोरं ज्याला टरकत असतील.
त्यांनाही तो अनोळखी वाटला असावा;
थोडं थांबून, नेहमीच्या आवाजात म्हणाले,
"आत धग आहे. तिच्यावर होतंय.
तू फक्त मध्ये पडू नको."

मग आम्ही बंद ओव्हनसमोर बसलो,
आजारी माणसाच्या खाटेपाशी बसतात तसे.
टेबललँडवरून धुकं उतरलं, अंगणातली दोरी दिसेना,
दोरीवरचा आबांचा सदरा मात्र दिसत होता.
ओव्हनच्या पत्र्यातून मधून मधून टक्क असा आवाज.
दर वेळी आबा मान हलवायचे, कुणी काही विचारलंय आणि हे हो म्हणतायत.

आक्का वाईहून आली, घाटात मळमळलेली,
एक हात कपाळाला.
"कसला गं हा वास?" आणि हात खाली आला.
मी भांडं काढून पाटावर ठेवलं.
आबांनी बरोबर टवक्यावर टिचकी मारली.
मधला भाग हलला. थांबला.
"झालं."

आक्काने दोनदा घेतलं.
नवसाचं तिला कुणी सांगितलेलं नाही;
आबांना पित्त होतं, एवढंच ती धरून चाललीय.
ती खात होती आणि आबा
चमचा आत गेला की तिच्या तोंडाकडे बघत होते,
बाहेर आला की रिकाम्या चमच्याकडे.

"जायफळ जरा पुढे गेलंय," आक्का म्हणाली, आणि जांभई दिली.

"पाचवा वळसा घेतलास?"

मी भांडं विसळत होते.
ऐकू आलं नाही असं केलं.